बेलजुव्याहून परतीचं उड्डाण

चतुर जमिनीवरून उठला, आंब्याच्या शेंड्यावर क्षणभर थबकला आणि खाडीच्या दिशेने सुटला. माझ्या दोन्ही हातांत रिमोट होता, म्हणून टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मग मी शीळ घातली. इचलकरंजीत आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये खटखटाटातून एकमेकांना हाक मारायला सगळेच घालतात, तशी. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात जमलेली मंडळी दचकली. जिल्ह्याहून आलेले आरोग्य अधिकारी चहाचा कप सावरत माझ्याकडे बघायला लागले.

ही मुलगी ड्रोन उडवणार आहे की स्वतःच उडणार आहे, असं त्यांनी रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंना विचारलेलं मला ऐकू आलं. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. माझे पाय त्या आठवड्यात जमिनीला लागतच नव्हते.

मी नुकतीच इंजिनीअर झाले होते आणि भविष्यकाळ माझा सख्खा मामा आहे, अशा थाटात वावरत होते. ड्रोन म्हणजे लग्नाच्या वरातीचं शूटिंग करणारी वस्तू, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक होतं. आमची छोटी कंपनी त्याच्या पोटाला डबा लावून औषधं पाठवायला निघाली होती. चतुर हे नाव बेलजुव्याच्या लोकांनी ठेवलं. पावसानंतर गवतावर चतुर भिरभिरतात, तसंच हे दिसतं म्हणाले. मला ते कंपनीच्या इंग्रजी नावापेक्षा फार आवडलं.

बेलजुवा हे खाडीतलं बेट. कोकणात अशा बेटाला जुवा म्हणतात. माडाच्या बागा, थोडी घरं आणि चारी बाजूंनी पाणी. खाडी खवळली की होडी दिवसचे दिवस बंद, आणि होडी बंद म्हणजे औषध बंद. हा हवाई मार्ग मंजूर करायचा की नाही, हे त्या दिवशीच्या उड्डाणावर ठरणार होतं. अधिकारी त्यासाठी आले होते. पण खरं सांगायचं तर मला अधिकाऱ्यांची धास्ती नव्हतीच. माझी धास्ती आवारातल्या सिमेंटच्या बाकावर बसली होती.

पुंडलिक सारंग. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि डावा हात अजून गिअरवर असावा तसा गुडघ्यावर. रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मीनलचे हे वडील. मीनल तालुक्यातली माझी पहिली मैत्रीण. तिच्याच घरी मी जेवायला जात असे.

मीनलला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागे. ती ते इतक्या सहज करायची की बोलता बोलता कधी सुई लागली ते समोरच्याला कळायचंही नाही. आणि तिचं मन जडलं होतं बेलजुव्याच्या जयवंत तांडेलवर. जयवंत खाडीत कालवं वाढवायचा, आणि दर आठवड्याला जुव्यावरच्या लोकांच्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून होडीने रुग्णालयात आणून द्यायचा. लॅबच्या खिडकीत नळ्या देता घेता त्यांचं जमलं. ड्रोन आला की तुझं इथे यायचं निमित्त जाईल रे, असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, निमित्तच कायमचं घरी न्यायचा विचार आहे.

अडलं होतं सारंगकाकांपाशी. याआधी मीनलला दोन स्थळं येऊन गेली होती. एकांनी आजार कळल्यावर पुढ्यातली लाडवाची ताटली तिच्यासमोरून अशी काही उचलली, की जणू तिने ती चोरली असती. दुसऱ्यांनी विचारलं, हे मुलांना लागतं का. त्यानंतर काकांनी ठरवून टाकलं होतं की मुलगी घरीच राहिली तरी चालेल. आणि बेलजुवा तर नाहीच नाही.

मी त्यांना रोज जेवताना भविष्य वाढायची. काका, थोड्या वर्षांत अंगालाच एक यंत्र चिकटवलेलं असेल, साखर बघेल आणि इन्शुलिनही तेच देईल. काका, औषधं सगळी आकाशातूनच येतील, खाडी काय नि घाट काय. काका भात कालवत ऐकून घ्यायचे. मीनल मला म्हणायची, तुझं भविष्य आधी जरा चार्जिंगला लाव.

आदल्या दिवशी काकांनी ताटावरून उठता उठता आपली अट सांगितली. "तुझा मशीन इन्शुलिन घेऊन जुव्यार जाता, ता बरा झाला. पण जाऊक काय, घाटात सोडलेलो दगडय जाता. परत डेपोत इला, तर तेका मी गाडी म्हणान."

चतुर जाऊन पुन्हा रुग्णालयाच्या आवारात उतरला, तर ते बेलजुव्याला लग्नाचं बोलायला जाणार. नाही आला, तर जुव्याचं नाव घरात काढायचं नाही. मीनलने मान्य केलं. मी तर उड्या मारतच मान्य केलं.

तर असा तो चतुर खाडीवरून चालला होता. त्याच्या डब्यात मीनलने आपलीच इन्शुलिनची बाटली बर्फाच्या पाकिटात गुंडाळून ठेवली होती. सकाळचा मतलई वारा सुटला होता. हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे जाताना चतुरला मागून रेटा मिळत होता. येताना तोच वारा तोंडावर येणार होता. पण येताना डबा रिकामा असणार होता. हा सगळा हिशेब मी चोख केला होता.

जुव्याच्या लोकांनाही मी नीट पढवून ठेवलं होतं. या लोकांना नवीन वस्तू दिसली की हात शिवशिवतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून हार घालायचा नाही, पंख्यात अडकेल. लिंबू-मिरची टांगायची नाही. पुढ्यात नारळ फोडायचा नाही. कुंकू लावायचंच असेल तर डब्याला, तेही एकच बोट. जयवंतची आई, सुमतीकाकी, हे सगळं मान हलवून ऐकत होत्या. जयवंतला मी चतुर उतरवून घ्यायला आणि परतीचं बटण दाबायला शिकवलं होतं.

स्क्रीनवर माडांचे शेंडे दिसले, मग शाळेचं अंगण, मग अंगणात वर तोंड करून उभी असलेली माणसं. चतुर बरोब्बर मधोमध उतरला. जयवंतचा फोन आला, "मिळाला. बर्फ पण तसोच हा." इकडे आवारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरबाईंनी मला मिठी मारली, आणि मीनल मात्र बाकाकडे बघत होती. निम्मीच फेरी झाली आहे, एवढंच काका म्हणाले.

परत निघायला जरा उशीर झाला. कुंकवाचं बोट चाललं असेल, म्हणून मी काही बोलले नाही. मग चतुर उठला. उठताना थोडा जडावल्यासारखा वाटला, पण मी त्याचं खापर वाऱ्यावर फोडलं. खाडीवर आला आणि मला कळेना, हा असा पुढे झुकून का चालला आहे. बॅटरीचा आकडा जत्रेत पैसे जावेत तसा जात होता.

मी जयवंतला फोन लावला आणि डब्यात काही आहे का विचारलं. काही नाही, तो म्हणाला. तो पोरांना मागे सारत होता आणि झाकण आईने लावलं होतं. मग त्याने आईला विचारलेलं मला ऐकू आलं.

"गो बाये," सुमतीकाकींनीच फोन घेतला होता, "सोयरिकीच्या घरचो डबो. रिकामो परत कसो धाडू?"

मला एकदम हसू फुटलं. हार, लिंबू, नारळ फोडणं, सगळं मी आधी ओळखलं होतं. पण कुणाच्या घरून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे माझी आईही पाळते, मी स्वतः पाळते, आणि तेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काय घातलंय ते विचारायला वेळ नव्हता. चतुर आवारापर्यंत पोचणार नव्हता, एवढं स्पष्ट दिसत होतं.

खाडीच्या मध्यावर ओहोटीला एक वाळूचा पट्टा उघडा पडतो. तेव्हा भरती लागली होती आणि पट्टा एखाद्या अंगणाएवढाच उरला होता. पाण्यात पडण्यापेक्षा ते बरं, म्हणून मी चतुर तिथे उतरवला. उतरला मात्र अगदी अलगद, आणि त्या तसल्या वेळीही मला त्याचा अभिमान वाटला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे का. डॉक्टरबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मीनल बाकाशी गेली आणि वडिलांच्या शेजारी बसली, डॉक्टरने निकाल सांगितल्यावर माणूस बसतो तशी. मला वाटलं, माझ्या भविष्यकाळाने आज एका मुलीचं लग्न मोडलं. मी रिमोट डॉक्टरबाईंच्या हातात कोंबला आणि धक्क्याकडे पळाले. निदान चतुर तरी बुडू द्यायचा नव्हता.

होडीत पाय टाकते तोवर मागून कोणीतरी धापा टाकत आलं. सारंगकाका. इस्त्रीचा सदरा, हातात चपला.

"तुम्ही कशाला, काका?"

"गाडी बंद पडली म्हणान ड्रायव्हर रस्त्यात सोडून जाता काय?" ते म्हणाले आणि होडीत बसले.

तरवाल्याने होडी अशी हाणली की मला शर्यतीत असल्यासारखं वाटलं. काका पुढे वाकून बसले होते आणि दर वल्ह्यागणिक त्याला सूचना देत होते, की आता डाव्या अंगाने घे, आता सरळ सोड. तरवाला जन्मापासून त्याच खाडीत होता, पण त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. माझी अवस्था अशी की रडावं की हसावं कळेना, आणि बहुधा मी दोन्ही करत होते.

पट्ट्यावर उतरलो तेव्हा पाणी चतुरच्या पायांशी आलं होतं. मी धावत जाऊन त्याला उचलायला गेले. उचलेना. म्हणजे उचलला, पण असा जड लागला की मी मटकन गुडघ्यावर बसले. काकांनी दुसऱ्या बाजूने हात लावला आणि आधी डबाच सोडवला.

झाकणावर कुंकवाचं बोट होतं. एकच. सांगितल्याप्रमाणे.

आत नारळ होता. चांगला सोललेला, शेंडी ठेवलेला. खाली तांदूळ, जुव्यावरच्या शेतातले, लाल. वर घडी घातलेला हिरवा खण, हळदीकुंकवाची पुडी आणि सुपारी. जिने अजून सून म्हणून उंबराही ओलांडला नव्हता, तिची ओटी सुमतीकाकींनी आकाशातून भरली होती.

काकांनी नारळ हातात घेऊन तोलला आणि चतुरकडे पाहिलं. "ओव्हरलोड होता," ते म्हणाले. "गाडीचो दोष नाय. ह्या भारान हयसर पोचली, म्हणजे इंजिन चांगला हा." पुढे तो मार्ग मंजूर झाला तेव्हा आम्ही चतुरच्या परतीच्या वजनात एक नारळ आणि पायलीभर तांदूळ कायमचे धरले, आणि आज त्या खाडीवरून रोज फेऱ्या होतात तरी ते वजन कोणी कमी केलेलं नाही. पण ते नंतरचं. तिथे वाळूवर मला एवढंच वाटलं की इंजिन चांगलं आहे, म्हणजे काका पघळले. मी शीळ घालणारच होते.

तेवढ्यात खणाच्या घडीतून एक छोटी पुरचुंडी खाली पडली. काकांनी ती सोडली. आत साखर होती.

सगळं जमत आलं असताना साखर. मधुमेही मुलीच्या ओटीत साखर. ओटीत गोड काहीतरी घालायची रीत असते हे मलाही ठाऊक होतं, पण या बापाच्या हातात ती पुडी पडायला नको होती. आता ते म्हणणार, यांना आजार कळलेलाच नाही. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

पलीकडून दुसरी होडी येत होती. जयवंत एकटाच वल्हवत होता, आणि चेहऱ्यावरून सगळी खाडी त्याच्या घरात शिरल्यासारखा दिसत होता. त्याने पाण्यात उडी टाकली आणि होडी ओढत तसाच धडपडत आमच्यापर्यंत आला. आधी माफी मागायला लागला. आईला कळत नाही, माझंच लक्ष नव्हतं, चूक माझी, असं काय काय.

काकांनी पुरचुंडी त्याच्यापुढे धरली. "ही साखर कोणी घातली?"

"आवशीन."

"कित्या?"

जयवंत जरा गोंधळला. हे विचारण्यासारखं काय आहे, असं त्याच्या तोंडावर होतं. "मीनलची साखर उतरली तर? वाटेत कायतरी होया ना जवळ."

आणि मग त्याने जे सांगितलं ते तो काही सांगण्यासारखं म्हणून सांगत नव्हता. मीनलने त्याला एकदा सांगितलं होतं की साखर वाढण्यापेक्षा एकदम उतरण्याची भीती मोठी, तेव्हा लगेच गोड खावं लागतं. त्याने ते घरी आईला सांगितलं. तेव्हापासून आई साखरेच्या पुड्या बांधत सुटली होती. चुलीपाशी एक, देव्हाऱ्यात एक, उशाखाली एक. मुंग्यांनी घर भरलं म्हणून तो तिच्यावर ओरडलाही होता. बोलता बोलता त्याने होडीतून साखरेची डबी काढून दाखवली, आणि मग सदऱ्याच्या खिशातून एक भिजलेली पुडी. ती त्याच्या हातात विरघळत होती.

मी काकांकडे पाहिलं. दोन्ही स्थळं येऊन गेल्यापासून ते बेटाला नाही म्हणत होते, होडीला नाही म्हणत होते, खाडीला नाही म्हणत होते, आणि मी त्यांना रोज आकाशातून औषध आणून दाखवत होते. त्यांची भीती खाडीची नव्हतीच. ती मला तिथे, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून कळली.

माझा फोन वाजला. मीनल. चतुर वाचला का, तिने विचारलं. वाचला, मी म्हणाले. मग तिने हळूच विचारलं, बाबा काय म्हणतात. मी फोन तसाच काकांच्या दिशेने पुढे धरला.

काका जयवंतशी बोलत होते. फळ्यावर लिहून द्यावं तसे, सावकाश.

"तेची साखर पहाटे उतरता. कोंबडो आरवायच्या वक्ताक. तेव्हा हाक मारून ता उठणा नाय. कितीय हाका मार. आंगाक हात लावूक होयो, हय, खांद्याक. तुझ्या आवशीक सांग."

"सांगतंय," जयवंत म्हणाला.

"काय सांगतलंस?"

"पहाटे. हाक नाय. खांद्याक हात."

"आणि मगे साखर," काका म्हणाले. "मगे साखर दी. आणि ता परत झोपासर बसान रव. मी बसतंय."

पाणी आमच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. जयवंतने चतुर उचलून डोक्यावर घेतला होता आणि तो मान हलवू शकत नव्हता, म्हणून नुसता होय होय म्हणत होता. काकांनी ओटीचा डबा छातीशी धरला होता. मी रडत होते, आणि इतकी खूश होते की तरवाला मला धरायला पुढे आला.

फोनमध्ये मीनलने नाक ओढलं.

"निशिगंधा," ती म्हणाली, "बाबांना सांग, आता पाण्यातून वर या."